पंचांची तपासणी

भिंगरी चौथी आली होती आणि पहिल्या चौघींना शिबिरात घेणार होते, म्हणजे खरं तर तिने टुणटुण उड्या मारायला हव्या होत्या. पण ती पोहण्याच्या तलावाच्या कचेरीबाहेर बाकावर बसली होती, आणि रागाने तिचे कान इतके तापले होते की त्यांच्या आसपासचे केस आधी वाळले.

तिच्या हातात शिबिराचा अर्ज होता. 'पालकाची सही' या शब्दांपुढे पांढरीफटक जागा होती. अर्ज घेण्याची खिडकी पाचला बंद होणार, चार वाजून दहा मिनिटं झालेली, आणि पालक आत पंचांशी भांडत होते.

पालकांचं म्हणणं एवढंच होतं, की चौथी आली हे सिद्ध कुठे झालंय?

बाबा वजनमापे निरीक्षक होते. सत्तावीस वर्षं पितळी वजनांची पेटी घेऊन दुकानोदुकानी हिंडत होते. त्यांना पाहिलं की भाजीवाले घाबरून दोन टोमॅटो जास्त टाकत आणि बाबा ते दोन टोमॅटो परत करत, कारण जास्त भरणं हाही काट्याचा दोषच. घरात 'चवीपुरतं मीठ' असं म्हणायची कोणाची छाती नव्हती.

आणि अशा माणसाच्या पोटी उंच मनोऱ्यावरून पाण्यात सूर मारणारी मुलगी!

"धावायला घड्याळ आहे," बाबा गेली सहा वर्षं सांगत होते, "फेकायला टेप आहे, उचलायला वजन आहे. तुझ्या सूर मारण्याला काय आहे? पाच माणसं आणि त्यांच्या लहरी. याला खेळ म्हणत नाहीत. नवा पडदा खोलीत कसा दिसतो, असं शेजाऱ्यांना विचारण्यातला हा प्रकार आहे."

तरी ते प्रत्येक स्पर्धेला येत. पहिल्या रांगेत बसत आणि घरी जाताना तक्रार करत. आज पहिल्यांदा त्यांनी ती तक्रार लेखी दिली होती.

कोचबाई दारातून बाहेर आल्या. "अगं भिंगरे, आत ये बाई. तुझे बाबा पंचांना विचारतायत, तुमची मागची तपासणी कधी झाली म्हणून."

आत टेबलाभोवती पाचही पंच बसले होते. तक्रारीचा निकाल लागल्याशिवाय त्यांना घरी जाता येत नव्हतं. बाबांनी आपल्या खात्याचा छापील नमुना काढला होता आणि 'काटा' हा शब्द खोडून वर 'पंच' असं लिहिलं होतं. 'कमाल क्षमता' या रकान्यात सगळ्यांनी दहा लिहिलं होतं. 'उत्पादक' या रकान्यात पहिल्या पंचांनी निमूटपणे आपल्या आईवडिलांची नावं दिली होती.

"बाबा, सही करा आणि चला."

"एक मिनिट. तुझ्यावर अन्याय झालाय."

"मग होऊ दे की! मला चालतोय! चौघी घेतात, मी चौथी आहे!"

"अन्याय मिलिग्रॅमभर असला तरी अन्यायच."

"तक्रार मिटेपर्यंत माझा अर्ज घेणार नाहीत, कळतंय का तुम्हाला? माझ्याच बाजूने लढून मलाच बाहेर काढताय तुम्ही!"

मुख्य पंचबाईंनी चष्मा पुसला. चाळीस वर्षं लोकांच्या शिव्या खाल्लेल्या माणसाची शांतता त्यांच्या चेहऱ्यावर होती. "घ्या हो तपासणी," त्या म्हणाल्या. "आम्हालाही एकदा कळू दे."

मग जे झालं ते कुठल्याही नियमावलीत नव्हतं. सकाळच्या बारा उड्यांचं चित्रण टीव्हीवर लावलं. क्रम उलटासुलटा केला, आवाज बंद केला, पडद्यावरच्या नावांवर चिकटपट्टी लावली. पंचांनी एकमेकांचं बघून लिहू नये म्हणून पोहायला शिकणाऱ्या मुलांच्या फोमच्या फळ्या त्यांच्यामध्ये उभ्या केल्या. पाच पोक्त माणसं चौथीच्या परीक्षेला बसल्यासारखी कागदावर हात आडवा धरून लिहू लागली. बाबा टीव्हीकडे पाठ करून त्यांच्या पेन्सिलींवर नजर ठेवून होते.

बारा उड्या संपल्या. बाबांनी सकाळचे आणि आताचे गुण शेजारी शेजारी मांडले. एकदा तपासले. मग खालून वर तपासले.

सगळ्यांत मोठा फरक अर्ध्या गुणाचा निघाला. तो एकाच पंचाचा होता, आणि ते गृहस्थ ऐन उडीच्या वेळी शिंकले होते.

"भाजीच्या काट्याला," बाबा हळू आवाजात म्हणाले, "मी याहून जास्त सूट देतो."

आणि सत्तावीस वर्षांच्या सवयीने त्यांचा हात खिशातल्या शिक्क्याकडे गेला.

"कपाळावर नको हं," पंचबाई म्हणाल्या. "उद्या ओळखपत्राचा फोटो काढायचाय."

भिंगरीने अर्ज पुढे केला. चार पस्तीस. पण हरलेला निरीक्षक लगेच गप्प बसत नाही.

"मग हिच्या तिसऱ्या उडीला साडेचार का? पाचांपैकी तिघांनी साडेचार! एवढं काय बिघडलं होतं?"

"तुम्हीच सांगा," पंचबाई म्हणाल्या. "पहिल्या रांगेत होतात."

बाबा कागदाकडे बघू लागले.

"पाणी... पाणी जरा उडालं."

"पाणी सगळ्यांचंच उडतं. काय चुकलं?"

भिंगरीने पुढे केलेला अर्ज मागे घेतला.

"बाबा, तुम्ही उडी बघितलीत ना?"

"गुणफलक बघितला."

"उडी?"

"मनोरा फार उंच आहे गं," बाबा पुटपुटले. "तू टोकाला आलीस की माझे डोळे मिटतात. पाण्याचा आवाज आला की उघडतो."

"सहा वर्षं?"

"सहा वर्षं."

आतापर्यंतचा राग हा नुसता वॉर्म-अप होता, हे भिंगरीला त्या क्षणी कळलं.

"न बघता काट्यावर शिक्का मारला तर तुमच्या खात्यात काय करतात?"

"निलंबन," बाबांनी प्रामाणिकपणे सांगितलं. मग खिशातून पेन काढलं. "आण तो अर्ज. करतो सही."

"आता नको! आधी बाहेर चला."

रखवालदार तलाव बंद झाला म्हणून ओरडला, पण तिच्यामागून पाच पंच, एक कोच आणि एक वजनमापे निरीक्षक रांगेने येताना पाहून तो बाजूला झाला. भिंगरीने अंगावरचा टॉवेल कोचबाईंकडे फेकला आणि दाणदाण पायऱ्या चढली. दहा मीटरवरून खाली बाबा पितळी वजनाएवढे दिसत होते. त्यांनी रखवालदाराचा दंड घट्ट धरला होता.

"डोळे!" ती वरून ओरडली.

"उघडे आहेत!"

तिने तीच तिसरी उडी मारली. रागात मारली, म्हणजे वाईटच मारली. पाण्यातून डोकं बाहेर काढताच तिने विचारलं, "किती?"

बाबांचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. दंड दाबला गेल्यामुळे रखवालदाराचाही.

"चार," बाबा म्हणाले.

"चार? पंचांनी साडेचार दिले होते!"

"पाण्यात शिरताना पाय पुढे पडले. उभे नव्हते. आणि वर गोळा झालीस तेव्हा उजवा गुडघा सुटला. डावा नाही, उजवा."

पंचबाईंनी कोचबाईंकडे बघितलं. कोचबाईंनी आभाळाकडे. गेलं वर्षभर त्या हाच गुडघा सांगत होत्या.

भिंगरीने पाण्यावर थाड्‌कन हात आपटला. "मग हे सहा वर्षं कोणी सांगायचं?"

बाबांनी पंचबाईंना तक्रार मागे घेतल्याचं सांगितलं. त्यांनी रखवालदाराच्या पाठीवर अर्ज ठेवला आणि सही केली. खाली एक रकाना होता, 'पालकाचा अभिप्राय'. इतर पालक तिथे 'मुलीस शुभेच्छा' असं लिहितात. बाबांनी जरा विचार केला आणि लिहिलं.

चार त्रेपन्नला भिंगरी निथळत, अर्ज अंगापासून लांब धरून खिडकीकडे धावली. धावता धावता तिने वाचलं. 'उजवा गुडघा सुटतो. पाय पुढे पडतात. बाकी समजून घेण्यासाठी आणखी उड्या पाहणे आवश्यक.'

खिडकीपर्यंत ती बाबांना शिव्या घालत गेली. खिडकीतल्या माणसाने ओला अर्ज दोन बोटांत धरला आणि विचारलं, "अभिप्राय खोडायचाय का? नवा फॉर्म देऊ?"

"हात लावून तर बघा," भिंगरी म्हणाली.