रूपेश घरी नाय

मित्रांनो, मला पाहिल्यावर बहुतेकांना वाटतं, की या चेंडूवर कुणीतरी बसलं असावं. तसं काही झालेलं नाही. मी रग्बीचा चेंडू आहे आणि जन्मापासून असाच लांबुळका आहे. आता जुना झालो आहे. अंगावरचे पट्टे पुसले गेले आहेत आणि एका टोकाला पंक्चरवाल्याने लावलेलं ठिगळ आहे. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी स्वभावाने जळका आहे. माझ्या माणसाने दुसऱ्या कुणाला जवळ केलेलं मला खपत नाही.

पंजाबातल्या एका कारखान्यात मी तयार झालो आणि तिथून थेट कर्जतच्या एका शाळेत आलो. खेळ शिकवणाऱ्या अनुपम सरांनी मला हौसेने मागवलं होतं. पहिल्याच दिवशी मुलांनी माझी टर उडवली. कुणी मला पपई म्हणालं, कुणी भोपळा. मी जमिनीवर पडलो की भलतीकडेच उडायचो, म्हणून आठवड्याभरात सगळे कंटाळले. एकच मुलगा टिकला, तो जवळच्या कळंब गावचा रूपेश. मी कुठे उडणार हे त्याला माझ्याआधी कळायचं. शाळा संपताना सरांनी मला त्याच्या हातात ठेवलं. म्हणाले, "घेऊन जा रे. तुझ्याशिवाय याला इथे कोणी विचारत नाही." खोटं कशाला बोलू, ते वाक्य मला फार आवडलं.

रूपेशच्या घरामागे भाताची खाचरं आहेत. भात कापून झालं की लोक तिथे वाल पेरतात. रूपेशची आई धोंडूबाई मात्र एक खाचर दर वर्षी मोकळं ठेवायची. शेजारणी विचारायच्या, "ह्यात काय पेरलंस गं?" ती म्हणायची, "पोरगा पेरलाय." सकाळी सहाला तो मला छातीशी धरून त्या खाचरात पळायचा. धसकटं टोचायची, बांधावर आपटून माझं अंग सोलवटायचं. पण तो फक्त माझा होता आणि मला दुसरं काही नको होतं.

पुढे तो मुंबईच्या संघात गेला, मग देशाच्या संघात. शेवटी एका मोठ्या स्पर्धेतल्या संघाने त्याला पगारावर घेतलं. खेळ हीच नोकरी असलेला तो गावातला पहिला माणूस. त्या वर्षी तो घरी आला तो एक पांढराशुभ्र चेंडू घेऊन. त्याच्यावर सगळ्या खेळाडूंच्या सह्या होत्या. त्याला काचेच्या पेटीत घालून पुढच्या खोलीत बसवलं आणि मी माळ्यावर, सुपांच्या शेजारी. रूपेशची बायको संजना रोज ती काच पुसायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. त्या बेट्याने आयुष्यात एक धसकट पाहिलं नव्हतं! सुट्टीत घरी आला की रूपेश सहाला माळ्यावर चढायचा, माझ्यात हवा भरायचा आणि मलाच खाचरात न्यायचा. यावर मी समाधान मानायला हवं होतं, पण मला काचेची पेटीच दिसायची.

आता त्याच्यावर आलेलं संकट सांगतो. मोठ्या खेळाडूंना दिवसातला एक तास लिहून द्यावा लागतो, की या तासाला मी अमुक ठिकाणी सापडेन. उत्तेजक औषधं तपासणारे लोक न कळवता तिथे येतात आणि लघवीचा नमुना घेतात. वर्षभरात तीनदा खेळाडू सापडला नाही, तर त्याने काही घेतलेलं असो वा नसो, बंदी येते. रूपेश दोनदा चुकला. एकदा सरावासाठी पुण्याला गेला आणि पत्ता बदलायला विसरला. दुसऱ्यांदा मेहुण्याच्या हळदीला पळसदरीला राहिला. दोन्ही वेळा चूक त्याचीच होती. त्यानंतर मात्र त्याने सकाळी सहा ते सात हा तास आणि कळंबचा पत्ता दिला, आणि सुट्टीत त्या तासाला घर आणि मागचं खाचर सोडलं नाही.

जानेवारीतली सकाळ होती. धुकं दाट होतं. रूपेश खाचराच्या पार दुसऱ्या टोकाला धावत होता आणि मी घराच्या बाजूला बांधावर पडलो होतो. दारात गाडी थांबली. इस्त्रीचे शर्ट घातलेली दोन माणसं उतरली, हातात बॅग आणि फाइल. त्यांनी विचारलं, "रूपेश आहेत का? त्यांची सही पाहिजे."

मित्रांनो, आमच्या भागात फाइल घेऊन सही मागणारी माणसं एकाच कामासाठी येतात, जमिनीसाठी. रिसॉर्टवाल्यांना आमची खाचरं हवी आहेत आणि सातबाऱ्यावर रूपेशचं नाव आहे. हे दलाल एकदा ओटीवर टेकले की दुपारपर्यंत उठत नाहीत. म्हणून रूपेशनेच आईला पढवून ठेवलं होतं, फाइल दिसली की मी घरी नाही म्हणायचं.

"रूपेश घरी नाय," धोंडूबाई म्हणाली. "कवा येल त्ये बी ठावं नाय." आणि तिने दार लोटून घेतलं.

मागचं दार उघडं होतं, म्हणून घरातून आरपार मला सगळं दिसलं आणि ऐकू आलं. मला ओरडता येत नाही. येत असतं तरी ओरडलो असतो का, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

ही तिसरी चूक धरली गेली आणि बंदी आली दोन वर्षांची. संघाबरोबर सरावसुद्धा करायचा नाही. रूपेश घरी येऊन बसला. त्याचा चुलतभाऊ गजा नाक्यावर सांगत सुटला, "गोळ्या खाल्ल्याबिगर असं अंग हुतंय व्हय रं?" गजा लहानपणापासून रूपेशवर जळायचा. एक जळका दुसऱ्याला बरोबर ओळखतो.

आणि मी? मला आनंद झाला. आता सकाळ माझी, संध्याकाळ माझी. काचेच्या पेटीवर धूळ बसली, कारण संजनाला पुसावंसं वाटत नव्हतं. मी मनातल्या मनात त्या पांढऱ्याला म्हणायचो, बस आता सह्या चाटत. पण हळूहळू रूपेश मला वर फेकायचा आणि झेलायला धावायचाच नाही. मी चिखलात पडायचो आणि तो बांधावर बसून राहायचा. तरीही त्याने जावं असं मला वाटलं नाही.

बंदीच्या पत्रात लिहिलं होतं, की घरातल्या बाईने खेळाडू नसल्याचं सांगितलं. रूपेशने ते वाचलं आणि संजनाला बजावलं, "आयेला कळता नये." अनुपम सर म्हणाले, दाद मागता येईल, पण आईला साक्ष द्यावी लागेल. रूपेश म्हणाला, "माझ्यासाठी तिला उभी करायची नाय." महिने असेच गेले. शेवटी संजनालाच राहवलं नाही. तिने मागच्या अंगणात सासूला सांगितलं, "आई, त्या दिवशी आलेली मान्सं जमिनीची नव्हती. ती ह्यांच्या खेळाची व्हती."

धोंडूबाई बसलीच. म्हणाली, "म्हंजी माज्या पोराला मीच नाय म्हनले?"

रूपेश दारात उभा होता. तो म्हणाला, "आये, मी शिकवलं त्येच तू बोललीस."

"मंग आता मी सांगते त्ये तू कर. मला सरांकडं ने."

तिने काठाची साडी नेसली, मला पिशवीत घातलं आणि आम्ही एसटीने कर्जतला गेलो. सरांच्या लॅपटॉपवर बंदीचा फेरविचार करणारी तीन माणसं दिसत होती. ती विचारायची, सर मराठीत सांगायचे. मुलगा त्या वेळी खरंच घरी होता का? धोंडूबाईने मला पिशवीतून काढून पडद्यासमोर धरलं. "ह्येला घिऊन घरामागं पळत व्हता. एक हाक मारली असती तरी आला असता." मित्रांनो, त्या वेळी मला तोंड असतं ना, तर रूपेश घरीच राहावा म्हणून मी खोटं बोललो असतो.

मग त्यांनी विचारलं, ती माणसं दारात किती वेळ थांबली?

"च्याचं आधन ठेवलेलं. त्याला उकळी यायच्या आत गाडी गेली."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तपासणाऱ्यांनी तो पूर्ण तास थांबायचं असतं, असा नियम आहे. तीन आठवड्यांनी निकाल आला. तिसरी चूक रद्द झाली. बंदी उठली, पण आठ महिने गेले ते गेलेच. जायच्या दिवशी रूपेशने माझ्यात हवा भरली, मला आईजवळ दिलं आणि तो निघाला.

परवा त्याचा पहिला सामना टीव्हीवर होता. धोंडूबाई मला मांडीवर घेऊन बसली होती. सुरुवातीला तिथला तसलाच पांढरा चेंडू त्याच्या हातून निसटला, तेव्हा मला बरं वाटलं. काय करू, खोड जात नाही. मग तो सुटला. दोघांना चुकवून रेषेपलीकडे गेला. पण आमच्या खेळात नुसतं पलीकडे पोचून भागत नाही. चेंडू हाताने जमिनीला टेकवावा लागतो, तेव्हाच गुण मिळतात. रूपेशने अंग झोकून दिलं. त्याच क्षणी धोंडूबाई खाली वाकली आणि तिने मला दोन्ही हातांनी फरशीवर दाबून धरलं. "टेकला गं, टेकला!" ती संजनाला म्हणाली आणि रडायला लागली.

मित्रांनो, तुमच्या माळ्यावर माझ्यासारखा कुणी पडला असेल, तर अधूनमधून त्याच्यात हवा भरा. आणि हेवा वाटला तर वाटू द्या, पण ज्याच्यावर आपला जीव आहे त्याने घरीच बसावं, असं मनात आणू नका. धोंडूबाईने बराच वेळ माझ्यावरचे हात काढले नाहीत. आठ महिने मी तिच्या पोराचं काय चिंतत होतो, हे तिला ठाऊक नव्हतं.