अरुंद कानाचा कप

मित्रांनो, मी एक जुना मातीचा कप आहे. रंगानं राखाडी-निळा, पोटाशी थोडा गोल, आणि माझा धरायचा कान अंगाच्या मानानं अगदीच अरुंद. कारखान्यातले कप हजारांनी जन्मतात आणि सगळे एकमेकांचे जुळे भाऊ असतात. माझं तसं नाही. मी एका मुलीच्या हातून, एका माणसासाठी, एकटाच जन्मलो. आणि सांगायला लाज वाटते, पण त्याच माणसाच्या उपयोगी पडलो नाही.

ती मुलगी स्वतःच्या हिमतीवर कुंभारकाम करायची. शेजारीपाजारी तिला 'मातीवाली' म्हणत. तिचे वडील शिंपी. त्यांना सगळे मास्तर म्हणत. आजारपणात मास्तरांच्या उजव्या हाताची बोटं सुजून आखडली, दुकान बंद झालं आणि त्याच खोलीत मुलीनं आपलं चाक मांडलं. शिलाई मशीन कोपऱ्यात सरकलं. कापड बेतायच्या लांबलचक टेबलावर माती मळली जाऊ लागली. खिळ्यावरची मापाची टेप मात्र कुणी हलवली नाही.

चहा म्हणजे मास्तरांचा जीव की प्राण. पण आता कुठल्याच कपाच्या कानात त्यांचं बोट जाईना आणि नुसत्या डाव्या हातानं प्यायला मन घेईना. घरात ते पेला दोन्ही हातांनी धरून लहान मुलासारखा चहा पीत. कुणी आलं, की "मी आत्ताच घेतला हो," म्हणून मोकळे होत. संध्याकाळी मित्र गप्पांना येत, भुरके मारत, आणि मास्तर खिडकीबाहेर बघत बसत. पुढे पुढे तर मित्र आले की ते आतल्या खोलीतून बाहेरच येईनात. मुलीच्या मनाला हे फार लागलं. बाबांनी चारचौघांत आपल्या हातानं कप उचलावा, एवढंच तिला हवं होतं.

एका दुपारी मास्तरांचा डोळा लागला असताना तिनं त्यांच्या बोटांभोवती हळूच दोरा गुंडाळून माप घेतलं. मग चाकावर मला घडवलं. मातीची वळी ओल्या हातानं ओढून ओढून लांब केली आणि दोऱ्याच्या मापानं वाकवून माझा कान चिकटवला. मी वाळलो, भट्टीत भाजलो, मग अंगावर काचेसारखा लेप घेऊन पुन्हा भट्टीत गेलो. बाहेर आल्यावर तिनं मला गालाला लावलं. तो क्षण मी अजून विसरलेलो नाही.

तिनं माझ्यात चहा ओतला आणि मला मास्तरांपुढे ठेवलं. त्यांनी बोट घातलं. पहिलं पेर गेलं आणि अडकलं. त्यांनी पुन्हा एकदा प्रयत्न केला, मग हात मागे घेतला.

"सुरेख झालाय गं," ते म्हणाले. "फळीवर ठेव. लोकांना दाखवायला बरा."

पोरीचा चेहरा पडला. माझ्यातला चहा तसाच निवला. भट्टीतच तडकलो असतो तर बरं झालं असतं, असं मला वाटलं!

ती कितीतरी वेळ दोरा माझ्या कानाला लावून बघत बसली. दोरा पुरून उरत होता. मास्तर बघत होते. शेवटी त्यांना राहवेना. डाव्या हातानं खिळ्यावरची टेप काढून ते टेबलापाशी आले.

"अगं, कोरं कापड पाण्यात आटतं, म्हणून आम्ही आधी भिजवतो आणि मग बेततो. तुझी माती आटत नाही वाटतं?"

मुलीनं जीभ चावली. "आटते की हो, बाबा! म्हणून तर कपाचं अंग मी मोठं धरलं होतं. कान मात्र दोऱ्याबरहुकूमच लावला."

"म्हणजे शिंप्याच्या पोरीनं सदरा सैल बेतला आणि बाह्या विसरली!" मास्तर खो खो हसले. कितीतरी महिन्यांनी हसले. कान सोनारानंच टोचावेत म्हणतात. आमच्या घरी ते काम शिंप्यानं केलं.

मग त्यांनी आपणहून सुजलेला हात पुढे केला. "घे माप. निजलेल्या गिऱ्हाइकाचं माप घेणारा शिंपी मी तरी पाहिला नाही."

त्यानंतर मला समोर ठेवून नवे कप झाले. एकाचा कान जडच झाला. एकाला धरलं की बोट गरम पोटाला चिकटून पोळायचं. चौथा मात्र जमला. खरं सांगतो, मला त्याचा फार हेवा वाटला.

पुढे हातानं भांडी घडवणाऱ्या पाचसहा जणांनी मिळून प्रदर्शन भरवलं. मीही तिथं होतो. दातांच्या एक डॉक्टरीणबाई माझ्यापाशी थबकल्या. "अहाहा, काय नाजूक कान! मुद्दाम केलात ना असा?"

"नाही हो, चुकलाय तो," मुलगी म्हणाली.

बाईंना तो विनय वाटला. "माझ्या काचेच्या कपाटात अगदी शोभेल!"

म्हणजे पुन्हा फळीच, फक्त काचेमागची!

तेवढ्यात चहा आला. मुलीनं चौथा कप भरून खुर्चीवर बसलेल्या मास्तरांपुढे ठेवला. खोली माणसांनी भरलेली. आता हे 'आत्ताच घेतला' म्हणणार, अशी मला धास्ती. पण मास्तरांनी कानात दोन बोटं घातली. कप उचलला गेला, थरथरला, थोडा चहा पांढऱ्या सदऱ्यावर सांडला. डॉक्टरीणबाई सावरायला धावल्या.

"राहू द्या," मास्तर म्हणाले. "कप नवा आहे, हात जुना आहे. जमेल."

आणि त्यांनी असा काही भुरका मारला की चार माणसं वळून बघू लागली. मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. माझा हेवा कुठल्या कुठे पळाला.

मास्तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "बाई, कप आहे तो. रोज चहा ओतणार असाल तर न्या."

बाईंनी आपलं सडपातळ बोट माझ्या कानात घातलं. ते सहज गेलं. "ओतीन," त्या म्हणाल्या.

मला कागदात गुंडाळताना मुलीनं हळूच विचारलं, "बाबा, मी आधीच तुम्हाला विचारलं असतं तर?"

"नको म्हणालो असतो."

"मग?"

"मग दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचं, वेडे."

त्या दोघांचं मी ऐकलेलं हे शेवटचं बोलणं. बाईंनी शब्द पाळला. आज माझ्या पोटात चहाचे डाग आहेत, काठाचा एक टवका उडाला आहे, आणि मी सुखी आहे. मित्रांनो, हातानं घडवलेली वस्तू दिसली तर लांबूनच 'वा, वा' म्हणून थांबू नका. ती वापरा, आणि धुताना तेवढी जपून धरा. आणि तुमच्या घरात कुणाला काही अवघड जात असेल, पण सांगवत नसेल, तर त्याचा डोळा लागायची वाट बघू नका. त्याच्यासमोर बसा आणि विचारा.