कुलूपबंद कीबोर्डची कैफियत

मित्रांनो, मी एक जुना, जाडजूड, पिवळट पडलेला कीबोर्ड आहे आणि मी रागावलो आहे. आधी ऐकून घ्या, समजूत मग काढा.

एका मोठ्या इस्पितळाच्या रक्तपेढीत मी अठरा वर्षे काम केले. रक्ताच्या पिशव्यांची सगळी नोंद तळघरातल्या एका जुन्या अवाढव्य यंत्रात असे. आमच्या टेबलावरच्या संगणकातला एक प्रोग्रॅम त्या यंत्राच्या जुन्या पडद्याची हुबेहूब नक्कल करी आणि माझी अक्षरे खाली पोचवी. यंत्र कामात गुंतले असले, किंवा कुणी भलत्याच रकान्यात लिहू लागले, की हा प्रोग्रॅम मला कुलूप घाली. पडद्याच्या तळाशी फुली उमटे. मग कळा दाबा नाहीतर डोके आपटा, एक अक्षर पुढे सरकत नसे.

माझ्यावर काम करणाऱ्या काकूंना हे पक्के ठाऊक होते. फुली दिसली की त्या हात मांडीवर घेत, पडदा नीट वाचत आणि मगच कुलूप काढायची कळ दाबत.

"अडवतोय ना, म्हणजे काहीतरी कारण असणार," त्या म्हणत.

मग नवे साहेब आले. त्यांना थांबणे म्हणजे अपमान वाटे. फुली दिसली की ते मला मुठीने बडवत. माझी सर्वांत लांब कळ त्यांनीच मोडली. अहो, वेळ लावणार यंत्र, कुलूप घालणार प्रोग्रॅम आणि मार खायचा मी! चोर सोडून संन्याशाला सुळी!

एके दिवशी त्यांनी तंत्रज्ञाला बोलावले.

"हे कुलूप कायमचं काढून टाका."

"साहेब, मग थांबलेल्या वेळात दाबलेल्या कळा साठून राहतील आणि पुढच्या पडद्यावर जाऊन पडतील."

"पडू देत. काम अडता कामा नये."

काकूंनी विरोध केला. त्यांचे कोण ऐकतो!

आठवडाही उलटला नव्हता. दुपारी एका बाळंतिणीसाठी रक्ताची तातडीची मागणी आली. काकू जेवायला गेल्या होत्या, म्हणून साहेब स्वतः बसले. पडदा थबकला. त्यांनी एंटर दाबले, पुन्हा दाबले, चिडून तिसऱ्यांदा दाबले. पहिल्याने मागणी गेली. दुसऱ्याने यादीतली पहिलीच पिशवी निवडली, भलत्या गटाची. तिसऱ्याने 'खात्री आहे का?' या प्रश्नाला होकार दिला. तो प्रश्न कुणी वाचलासुद्धा नाही. मी सगळे पाहत होतो. मित्रांनो, मला ओरडता आले असते तर!

पिशवी गेली. खाटेजवळच्या परिचारिकेने सुई लावण्याआधी चिठ्ठी वाचली आणि फोन केला. "ही कुणाची पिशवी पाठवलीत? माणूस मारायचाय का?"

साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला. पण तोंड मात्र शाबूत होते. "कीबोर्डच बिघडलाय. फेका तो!"

मला उपटून भंगाराच्या खोक्यात टाकले. तेवढ्यात जेवून परतलेल्या काकू ताडकन पुढे आल्या. "कीबोर्ड धडधाकट आहे, साहेब. बिघडलंय काय, ते मी लेखी देते." आणि त्यांनी खरोखर दिले. चौकशी झाली, कुलूप परत आले. टेबलावर मात्र नवा कीबोर्ड बसला. मी खोक्यातच राहिलो.

ती आई चौथ्या दिवशी बाळाला घेऊन घरी गेली. साहेबांनी ना काकूंची माफी मागितली, ना माझी.

मित्रांनो, कुणी तुम्हाला अडवले, तर हात उगारण्याआधी तो का अडवतो आहे ते विचारा. आणि त्या नव्या कीबोर्डला बडवू नका. तो अजून लहान आहे, त्याला वाटेल चूक त्याचीच आहे.