सुताराच्या उशीवरचा लोखंडाचा कण

मित्रांनो, मी एक जुना लोखंडाचा कण आहे. सुताराच्या उशीच्या अभ्र्यावर तो तांबूस डाग दिसतो ना, तिथे माझं घर आहे. घर कसलं, शेवटचा मुक्काम म्हणा.

मी मातीत होतो. मातीतून भाजीच्या पानात चढलो, पानातून सुताराच्या पोटात आणि तिथून रक्तात उतरलो. रक्तात आम्हाला एकट्याने हिंडू देत नाहीत. लाल पेशीत एक नाजूक कडं असतं, त्याच्या मधोमध मला बसवलं. श्वासातला प्राणवायू उचलायचा नि अंगभर पोचवायचा, हे माझं काम. सुतार रंधा मारायचा, लाकडाची कुरळी सालपटं सुटायची, आणि मला वाटायचं, यात माझाही हात आहे. कौतुक कुणी केलं नाही. रक्तातल्या लोखंडाची आठवण होते, ते कमी पडल्यावरच.

मग त्याच्या मानेवर पुळी आली.

"लाल झालीय. दवाखान्यात दाखवून या," बायको म्हणाली.

"पुळीसाठी दवाखाना? जन्मभर कुसळं काढतोय मी!" त्याने हत्यारांच्या पेटीतून दाभण उचललं.

"अहो, मान आहे ती तुमची, दार नव्हे!"

तो हसला. दाभण विजारीला पुसलं, टोचलं आणि दोन बोटांनी पुळी कचकचून दाबली.

मित्रांनो, कुसळ उपसलं की बाहेर येतं. पुळीतले जंतू मात्र आत गेले.

ते काही परके नव्हते. त्याच्या नाकात, कातडीवर गुमान राहत होते. आत शिरल्यावर त्यांना भूक लागली, ती माझीच. लोखंडावाचून त्यांची वाढ होत नाही, आणि शरीर तर आम्हाला कडीकुलपात ठेवतं. म्हणून त्यांनी विष सोडून लाल पेशींना भोकं पाडली. माझी पेशी फुटली, मी कड्यासकट सांडलो. जंतूंच्या अंगावर गळासारखे आकडे असतात. एका आकड्याने मला ओढून घेतलं, पुढच्याच्या हाती दिलं. त्याने त्याच्या पुढच्याच्या. असा हातोहात मी त्यांच्या जाड भिंतीतून आत गेलो. आत माझं कडं मोडलं. ज्यात बसून मी श्वास वाहिले, ते कडं! आणि माझ्याच जिवावर एकाचे दोन झाले, दोनाचे चार.

ज्याला जगवलं, त्याच्याच वैऱ्याचा मी घास झालो. ओरडावं तर तोंड नाही, पळावं तर पाय नाहीत.

मान सुजून दगड झाली. तापात सुतार बरळू लागला, "चौकट वाकडी बसलीय... ओळंबा आण." बायकोने शेजाऱ्यांच्या मदतीने त्याला दवाखान्यात नेलं.

"दाबली होती का?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

बायकोने होकाराची मान हलवली. "वाचतील ना?"

"विष रक्तात उतरलंय. औषध लागू पडतं का बघू. आत्ता काही सांगत नाही."

त्यांनी गळू कापून निचरा केला, शिरेतून औषध सोडलं. बायको त्याच्या तळहातावरचे घट्टे चोळत बसून राहिली, जणू तेवढं थांबवलं तर तो निघून जाईल. ताप चढला, उतरला, पुन्हा चढला. अखेर एका सकाळी त्याने डोळे उघडले.

"भूक लागलीय गं."

ती हसली, आणि मग रडली.

घरी आल्यावर, औषधाने मेलेल्या जंतूतून सुटून, पट्टीतून झिरपलेल्या पुवाबरोबर मी या उशीवर उतरलो. माझे सोबती अजून त्याच्या रक्तात नव्या कड्यांत बसून श्वास वाहतात. मला आता ती वाट नाही.

मित्रांनो, पुळी टोचू नका, दाबू नका. हात धुवा, ती झाकून ठेवा. सूज वाढली, ताप आला, तर थांबू नका. आम्ही कुणाच्या बाजूचे नसतो रे. ज्याच्या हाती लागू, त्याचं बळ होतो.

बायकोने अभ्रा कितीदा भिजवला, घासला. मी गेलो नाही.

"टाकून दे की तो," सुतार म्हणतो.

"राहू दे."

कधी काम करताना त्याच्या मानेला खाज येते. हात सवयीने वर जातो. ती नुसता अभ्रा उलगडून धरते. हात तिथेच थांबतो, हळूच खाली येतो, आणि मोरीतून नळ सोडल्याचा आवाज येतो.