जाड सुईने पाठवलेला चौकोन

मी एक जुना कापडी चौकोन आहे, मित्रांनो. लांबी बारा इंच, रुंदी बारा इंच. नऊ तुकडे जोडून मला शिवलं आहे. चार तुकडे निळे, चार पिवळे आणि मधला एक, तोही पिवळाच, पण त्याच्यावर निळे ठिपके आहेत. आज मी एका गोधडीत तिसऱ्या ओळीत बसलो आहे. इथे पोहोचायला मला फार दिवस लागले. ते दिवस कसे गेले, तेच सांगणार आहे.

मला जिने शिवलं ती एका मोठ्या इस्पितळात कपड्यांच्या खोलीत काम करायची. फाटलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, रुग्णांचे सदरे असा ढीग रोज सकाळी तिच्या टेबलावर येऊन पडायचा आणि संध्याकाळपर्यंत तो धड होऊन परत जायचा. हात तिचा सोन्यासारखा होता. जिभेचं मात्र विचारू नका. ती बोलायला लागली की खोलीतल्या बायका मान खाली घालून शिवत बसायच्या. पोटात माया होती, पण ती ओठापर्यंत येताना वाटेत कुठेतरी तिला काटे फुटायचे.

एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या बाईने तिच्यासमोर फोन धरला. "हे बघ गं, आमच्या गोधडीच्या ग्रुपवर काय सुरेख चौकोन टाकलाय कुणीतरी!"

तो ग्रुप म्हणजे ऐंशी बायका आणि एक बसचालक. कोणी कोणाला प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. प्रत्येकाने एक टोपणनाव घेतलं होतं. वर्षातून दोनदा सगळ्यांनी त्या फेरीला ठरलेल्या रंगांत घरी चौकोन शिवायचे, एका निवृत्त मास्तरीणबाईंकडे टपालाने पाठवायचे, मग बाईंनी चिठ्ठ्या टाकून ते वाटायचे. आपला चौकोन दुसऱ्याच्या घरी जातो, दुसऱ्याचा आपल्याकडे येतो. अशा परक्या हातांच्या चौकोनांची मिळून एक गोधडी होते.

फोटोतला चौकोन "निळी सुई" नावाच्या कुणीतरी टाकला होता. माझ्या शिवणारीने तो बोटांनी मोठा करून पाहिला. चारही कोपऱ्यांवर तीन-तीन बारीक टाके होते, आणि त्यातला तिसरा उलटा फिरवलेला होता.

तिच्या हातातला घास हातातच राहिला.

तो मुंगीचा टाका होता, मित्रांनो. तिच्या आईचा. "कोपरा बांधला की कापड पळत नाही," असं म्हणत आईने तो दोन मुलींना शिकवला होता. एक ती स्वतः, थोरली. दुसरी धाकटी, आणि धाकटीशी बोलून तिला नऊ वर्षं झाली होती.

हे सगळं मला कसं ठाऊक? शिवताना माणसं कापडाशी बोलतात. तोंड मिटलेलं असलं तरी बोलतात.

नऊ वर्षांपूर्वी त्यांची आई आठ दिवसांच्या आजारात गेली. त्या आठ दिवसांत धाकटी आली नाही. सगळं आटोपल्यावर तिसऱ्या दिवशी ती दारात उभी राहिली, तेव्हा घरात दहा माणसं होती. त्या दहा जणांसमोर थोरली म्हणाली, "आता कशाला आलीस? आई वाट बघून बघून गेली. उशिरा येणाऱ्यांनी रडायचं नाटक करू नये."

धाकटीने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. आली तशी परत फिरली.

महिन्याभराने एका ओळखीच्या बाईकडून कळलं की धाकटी त्याच आठवड्यात सातव्या महिन्यात बाळंत झाली होती. मुलगी काचेच्या पेटीत होती, जगते की नाही अशी. आजारी आईच्या जिवाला घोर नको, म्हणून तिने कुणालाच कळवलं नव्हतं. थोरलीने लगेच फोन लावला. नंबर बदललेला होता. घरही बदललं होतं. आणि पुढे शोधायचं तर कुठल्या तोंडाने शोधायचं? आपलेच दात, आपलेच ओठ. काट्याचा नायटा झाला आणि वर्षं उलटत गेली.

फोटो पाहिला त्याच संध्याकाळी थोरली ग्रुपात शिरली. टोपणनाव घेतलं "जाड सुई". निळ्या सुईला निरोप लिहायला तिने कितीदा तरी फोन हातात घेतला. दोन शब्द लिहायची आणि पुसायची. शेवटी म्हणाली, "मला बोलता येत नाही. शिवता येतं."

तिने कपाटातून आईचा घरात घालायचा गाऊन काढला. धुऊन धुऊन तो इतका विरला होता की हात घातला तर बोटं दिसत. धड असा एकच तुकडा निघाला, तळहाताएवढा. तोच माझ्या मधोमध आहे. निळे तुकडे इस्पितळाने टाकून दिलेल्या चादरीचे, पिवळे एका पडद्याचे. आणि मग सगळ्यात शेवटी, कित्येक वर्षांनी, तिने माझ्या चारही कोपऱ्यांवर मुंगीचा टाका घातला. चौथ्या कोपऱ्याचा टाका तिने दोनदा उसवून पुन्हा घातला. तिथला टाका अजून जरा वाकडा आहे.

मला पाकिटात घालताना तिने सोबत चिठ्ठी ठेवली : "हा चौकोन निळी सुई यांनाच द्यावा, ही विनंती."

मास्तरीणबाई शिस्तीच्या. चिठ्ठी वाचून म्हणाल्या, "इथे वशिला चालत नाही हो!" आणि त्यांनी मला ढिगात मिसळलं. सोडतीत माझी चिठ्ठी निघाली ती बसचालकाच्या नावाची.

मित्रांनो, ज्याच्यासाठी आपण घडलो त्याच्याकडे न जाता दुसरीकडेच जाणं म्हणजे काय, ते त्या दिवशी मला कळलं.

बसवाले काका माणूस भला होता. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर चार महिने घरी बसावं लागलं, तेव्हा ते शिवण शिकले होते. पाकिटावरचं शिवणारीचं टोपणनाव वाचून त्यांनी मला बाहेर काढलं आणि म्हणाले, "वा! काय नेटकं काम आहे. हा मधोमध लावायचा." माझं एवढं कौतुक झालं, आणि लगेच त्यांनी मला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून दिलं. गुडघा बरा झाला होता. दुसऱ्या दिवशी काका कामावर रुजू झाले.

त्या डब्यात मी तीन वर्षं होतो.

डबा पलंगाखाली होता. झाकण नीट बसत नसे, त्यामुळे एका बाजूने ओल यायची. माझ्या निळ्या तुकड्यावर एक तपकिरी डाग पडला तो तेव्हाचाच. आम्ही अकरा चौकोन एकमेकांवर पडून असायचो. काकू केर काढताना झाडूने डबा सरकवायच्या आणि म्हणायच्या, "ही गोधडी होईपर्यंत मीच गार होईन!" काका हसायचे. सुट्टीच्या दिवशी चहा पिता पिता ते ग्रुपवरचं मोठ्याने वाचून दाखवायचे. मी कान देऊन ऐकायचो.

"ऐकलंस का? ही जाड सुई पुन्हा विचारतेय. मागच्या पिवळ्या-निळ्या फेरीतला माझा चौकोन कुणाकडे गेला, म्हणे."

"मग सांगा ना, तुमच्याकडे आहे म्हणून."

"सांगतो की. पण गोधडी कुठवर आली असं विचारलं तर काय सांगू? जरा पुढे जाऊ दे काम, मग सांगतो."

काम काही पुढे गेलं नाही. काका लाजेपायी गप्प राहिले आणि तिकडे थोरली दर फेरीला विचारत राहिली. मी अंधारात ओरडत होतो, पण कापडाचं ओरडणं कोणाला ऐकू जातं? मला तिच्या अंगठ्याची आठवण यायची. शिवण दाबून सपाट करताना ती अंगठा फिरवायची, तो खरखरीत होता, सुया टोचून टोचून. आणि जिला मी कधी पाहिलं नव्हतं त्या धाकटीचीही आठवण यायची. न पाहिलेल्या माणसाची आठवण येते का, असं तुम्ही विचाराल. येते, मित्रांनो.

मग एका सुट्टीच्या दिवशी काकांनी वाचलं, "निळी सुई लिहिते : माझी लेक शिकायला लांबच्या शाळेत निघाली आहे. तिच्या गोधडीला एकच चौकोन कमी पडतो आहे. कोणाकडे जास्तीचा पिवळा-निळा असेल का?"

काकू म्हणाल्या, "द्या पाठवून एक तरी. इथे कुजण्यापेक्षा कुणाच्या अंगावर तरी जाईल."

डबा उघडला. तीन वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. अकरांतून काकांनी मला उचललं. कुठल्या वशिल्याने नाही, मी वरती होतो म्हणून.

धाकटीने पाकीट स्वयंपाकघरात उघडलं. ओला हात पदराला पुसून तिने मला ओट्यावर पसरलं, आणि ती हळूहळू खाली बसली. थेट फरशीवरच.

"आई, काय झालं?" लेकीने विचारलं. काचेच्या पेटीतली ती मुलगी आता बारा वर्षांची, आईच्या खांद्याला लागलेली होती.

"हे तुझ्या आजीचं कापड आहे."

तिने काकांना विचारलं, चौकोन कोणी शिवला. उत्तर आलं, जाड सुईने. पण तिला नावाची गरजच नव्हती. माझे कोपरे तिने पाहिले होते.

मला वाटलं, झालं! आता ती मला छातीशी धरेल. तिने कात्री घेतली.

"मला आई हवी आहे," ती दातांवर दात ठेवून म्हणाली. "ताईची शिवण नको." तिला फक्त मधला तुकडा काढून घ्यायचा होता. बाकीचा मी तिला नको होतो. तिने एक टाका कापला, दुसरा कापला. मी जीव मुठीत धरून पडलो होतो. तिसरा टाका कापल्यावर तिने शिवणीत बोट घालून कापड उचललं आणि ती थांबली.

गाऊनच्या तुकड्यामागे दुसरं कापड होतं. जाड, पांढरं, त्यावर इस्पितळाचा अर्धा शिक्का. थोरलीने आपल्या कामावरच्या एप्रनचा तुकडा कापून आईच्या विरलेल्या कापडाला आतून आधार दिला होता. इतक्या जवळजवळ टाक्यांनी की दोन्ही कापडं एक झाली होती. एप्रन सोडवायला जावं तर गाऊन फाटला असता.

धाकटीने त्या शिक्क्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "हिने आईला फाटू दिलं नाही." आणि तेव्हा कुठे तिला रडू फुटलं.

तिने मास्तरीणबाईंना फोन करून थोरलीचा नंबर मागितला, कारणही सांगितलं. "तिची चिठ्ठी मी वाचली होती गं," त्या म्हणाल्या. "का, एवढं तरी मी विचारायला हवं होतं."

मग तिने थोरलीला फोन लावला. मी तिच्या मांडीवर होतो.

"कोण बोलतंय?"

"मी बोलतेय. चौकोन मिळाला."

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "टाके नीट आहेत का?"

"उसवायला गेले होते. उसवत नाहीत."

"छोटे, त्या दिवशी दारात मी जे बोलले…"

"राहू दे ताई." धाकटी थांबली. "नाही, राहू नको देऊस. बोल. मला ऐकायचंय. बारा वर्षं मी तेवढ्यासाठीच थांबलेय."

आणि जिला बोलता येत नव्हतं, ती बोलली. अडखळत, पण सगळं बोलली. तेवढ्या वेळात ओट्यावरचं दूध उतू गेलं आणि कोणी उठलं नाही.

पुढच्याच आठवड्यात थोरली आली. धाकटी तिला घ्यायला बसस्थानकावर गेली होती. घरात पाऊल टाकताच थोरलीने भाचीला पाहिलं आणि काय बोलावं ते न सुचून तिला म्हणाली, "बूट कितव्या नंबरचे लागतात गं तुला?" मुलगी हसायला लागली. थोरलीही हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा कसासाच झाला. "हिचे बोबडे बोल मी ऐकलेच नाहीत," ती म्हणाली. मित्रांनो, काही गोष्टींना ठिगळ लागत नाही.

दोन दिवस दोघी गोधडीवर वाकून बसल्या. कात्रीने कापलेले माझे तीन टाके थोरलीने पुन्हा घातले आणि अंगठा फिरवून शिवण सपाट केली. अंगठा तसाच होता, फक्त बोटाची कातडी सैल झाली होती.

"धावदोरा किती लांब घालतेस!"

"आणि तू? मुंग्यांची रांग बरी तुझ्यापेक्षा."

"आईला माझाच आवडायचा."

"आई तुलाही असंच सांगायची होय?"

बसवाल्या काकांना सगळं कळलं तेव्हा त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "तीन वर्षं मी रस्ता अडवून उभा होतो, आणि मला पत्ताच नाही." मग म्हणे ते खरोखर शिवायला बसले. तिसऱ्या दिवशी थोरली परत गेली. तिची रजा तेवढीच होती.

आता मी लांबच्या शाळेत, वसतिगृहातल्या एका खाटेवर असतो. इथून थोरली दूर आहे आणि धाकटीही दूर आहे. लेक कधी कधी पांघरूण ओढताना माझ्यावर हात ठेवते, मधल्या ठिपक्यांवर. तो हात कोवळा आहे. मला त्या खरखरीत अंगठ्याची आठवण येते. रंग उडालाय माझा. मधलं कापड आणखी विरलंय, आधाराला एप्रन आहे म्हणून टिकून आहे. एक दिवस तेही जाईल.

म्हणून एवढंच मागतो. तुमच्या घरात अशी एखादी गोधडी असेल तर तिला उकळत्या पाण्यात टाकू नका, ओल्या जागी कोंबू नका, वर्षातून एकदा उन्हात पसरा. आणि कोणाला काही सांगायचं राहिलं असेल, तर ते कापडावर सोपवू नका. मी तीन वर्षं डब्यात ओरडत होतो, कोणाला ऐकू गेलं नाही. मला तोंड नव्हतं, मित्रांनो. तुम्हाला आहे.