विंचवाचं औषध

चौऱ्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला जाणारी दमयंती रत्नागिरीतल्या एका प्रयोगशाळेत नेवरेकर सरांच्या हाताखाली काम शिकत होती. सर विंचवाच्या विषावर उतारा शोधत होते. सशाला थोडंथोडं विष टोचत जायचं, आणि त्याचं रक्त विषाशी झुंजायला शिकलं की ते काढून वरचं पिवळसर सीरम वेगळं करायचं. सशाच्या कानातली शीर सुईने अचूक धरायला दमयंती महिनाभरात शिकली.

विंचू आणून द्यायचा भिकाजी. तो चिरेखाणीवर कामाला होता. दगड उलटला की खाली नांगी दिसायचीच. पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला की विचारायचा, "बाय, झाला काय औषध?"

"होईल हो, भिकाजीकाका."

मे महिन्यात पहिली चाचणी झाली. दमयंतीने उंदरांना विष टोचलं, निम्म्यांना त्यासोबत सीरमही. संध्याकाळपर्यंत सगळेच मेले.

"अजून जोर नाही त्यात," सर चष्मा पुसत म्हणाले. उरलेली बाटली फ्रीजमध्ये गेली.

त्याच आठवड्यात एका दुपारी, सर जेवायला घरी गेलेले असताना, भिकाजी धावत आत आला. खांद्यावर त्याची धाकटी पोर गोदा. तिचं अंग घामाने निथळत होतं, हातपाय गार पडले होते.

"इचू डसला, बाय! औषध टोचा."

"ते अजून झालेलं नाही, काका. सरकारी दवाखान्यात चला, आत्ताच्या आत्ता."

"फ्रीजात हाय ना? मी बगितलाय."

"त्याने उंदीरसुद्धा वाचले नाहीत हो. वर ते सशाचं रक्त, पोरीला उलट बाधेल."

भिकाजीने तिचे पाय धरले. "माज्या इचवांचा हाय ता. माज्याच पोरीला न्हाय?"

दमयंतीचा हात फ्रीजच्या कडीपर्यंत गेला. तो तिने मागे घेतला, गोदाला उचललं आणि रस्त्यावर धावत जाऊन रिक्षा थांबवली.

दवाखान्यात डॉक्टरांनी शर्थ केली. दिवेलागणीला गोदाच्या ओठांवर फेस आला आणि ती गेली.

"हिच्याकडं औषध होता," भिकाजी मागाहून आलेल्या बायकोला, काशीला, म्हणाला. "दिलान न्हाय."

काशीने मान वर करून दमयंतीकडे पाहिलं.

"तू केलंस ते बरोबरच," दुसऱ्या दिवशी सर म्हणाले. ती हो म्हणाली आणि सशाचा पिंजरा उघडायला वळली.

भिकाजी पुन्हा आला नाही. सरांनी विंचवांसाठी दुसऱ्या खाणीवर निरोप धाडला. दमयंतीने काम सोडलं नाही, पण घरी जाताना ती चिरेखाणीचा रस्ता टाळून लांबच्या वाटेने जाऊ लागली.