मीठ बघायला

"चांगुणाबाई, मीठ बघा."

हैदरने भिंतीवरून पळी पुढे केली. पळीत घोटभर शोरवा होता, पिवळसर, वर चरबीचे बारीक थेंब तरंगत असलेला. पलीकडून चांगुणाबाई हात पुसत आली. तिने घोट घेतला, डोळे मिटले, जीभ टाळ्याला लावून पाहिली.

"चव हाय," ती म्हणाली. "मीठ जरा कमी हाय."

"किती कमी?"

"आता किती ते कसं सांगू, हैदरभाई? जरा."

"बराबर. टाकतो."

तो घरात गेला, दाराआडच्या बरणीतून मूठभर मीठ आणलं आणि पातेल्यात सोडलं. हात झटकले. त्याच्या दृष्टीने काम झालं होतं.

रोजा असल्यामुळे त्याला स्वतःला चाखता येत नव्हतं. जिभेच्या टोकाला लावून थुंकून टाकलं तर चालतं, असं मशिदीतले मौलाना सांगत. पण त्याच्या बायकोला, अमिनाबीला, ते कधी पटलं नव्हतं. आलेला घास जीभ सोडत नाही, उगाच शंका कशाला, असं ती म्हणायची. म्हणून रमजान लागला की दुपार कलल्यावर ती भिंतीपाशी जाऊन शेजारणीला हाक मारायची. हैदरचं घर गल्लीतलं शेवटचं आणि भिंतीपलीकडे बौद्धवाड्यातलं पहिलं घर चांगुणाबाईचं. मध्ये कमरेएवढी भिंत. अमिनाबी लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्या शोरव्याचं मीठ चांगुणाबाईने बघितलं होतं. अमिनाबी कापूस वेचणीच्या दिवसांत गेली. हा तिच्याशिवायचा पहिला रमजान.

शोरवा आपल्याला जमेल याबद्दल हैदरला शंका नव्हती. पातेलं चुलीवर चढेपर्यंतचं सगळं काम वर्षानुवर्षं त्याचंच होतं. खाटकाकडून पाये आणायचे, जाळावर धरून केस जाळायचे, सुरीने खरवडायचे, मधोमध फोडायचे. चढल्यानंतरचं काम अमिनाबीचं, पण तेही त्याने शेजारी बसून पाहिलेलं. पहिली उकळी आली की ते पाणी ओतून द्यायचं, पाये धुवायचे, नवं पाणी घालायचं. मग जाळ ओढून घ्यायचा. पातेलं खदखदलं की शोरवा गढूळ होतो, नुसते बुडबुडे यावेत एवढीच आच ठेवायची. फेस काढत राहायचा. कांदे आणि आलं सालासकट निखाऱ्यात काळं होईस्तोवर भाजून टाकायचं. बादियान म्हणजे चक्रीफूल, दालचिनी, मिरे आणि दगडफूल फडक्यात बांधून सोडायचं. यात न कळण्यासारखं काय होतं?

आधी हा शोरवा नुसता पायाचा म्हणून विकला जायचा. मुलगा राहिल हैदराबादला एका मोठ्या हॉटेलात भांडी घासायला लागला, पुढे तिथेच स्वयंपाकाला उभा राहिला. परत आल्यावर त्याने गावातच, गोरेगावच्या स्टँडजवळ चायनीजची गाडी टाकली. एक दिवस तो आईला सांगत होता, की तिकडे चीन-जपानसारख्या नूडल्स वाट्यात घालून वरून सूप ओततात, आणि त्या सुपासाठी हाडं दिवसभर उकळतात, कांदा जाळतात, बादियान टाकतात.

"मग त्येला पायाच म्हण की," अमिनाबी म्हणाली होती. "एवढ्यासाठी हैदराबादला गेला व्हय?"

दुसऱ्या दिवसापासून तिचं पातेलं राहिलच्या गाडीवर जाऊ लागलं. शिजवलेल्या नूडल्स, सोया सॉसची धार, वर अमिनाबीचा शोरवा, कांद्याची पात, लिंबू. जीपवाले, अडतीवरची पोरं, बाजाराला आलेली माणसं उभ्याने प्यायची. अमिनाबी गेल्यावर राहिलने डब्यातली पावडर गरम पाण्यात कालवून सूप केलं. माणसं आली, पण दुसऱ्यांदा कुणी वाटी पुढे करेना. म्हणून रमजान लागताच हैदरने माळ्यावर ठेवलेलं पातेलं खाली काढलं.

त्या संध्याकाळी रोजा सोडून झाल्यावर गाडीवर गर्दी झाली. पहिली वाटी धर्मसिंगने घेतली. तो गोरेगाव-सेनगाव रस्त्यावर जीप चालवायचा आणि गाडीवरचं पहिलं गिऱ्हाईक आपण, असा त्याचा हक्क होता. त्याने घोट घेतला आणि वाटी कठड्यावर ठेवली.

"चाचा, बैलाला चाटायला देतेत तो मिठाचा दगड उकळला का काय?"

माणसं हसली. हैदरने पळीभर शोरवा पिऊन पाहिला. खरंच खारट होता. पण तो काही डगमगला नाही.

"चांगुणाबाईनं बघून देलंय मीठ."

"मंग चांगुणाबाईलाच पाजा," धर्मसिंग म्हणाला. "आमाला पाणी द्या तांब्याभर."

गर्दी पांगल्यावर राहिल म्हणाला, "अब्बा, पावडरीत मीठ मोजून येतं."

"पावडरीत हाड येतं का?"

"गिऱ्हाईकाला हाड न्हाई लागत. चव लागते."

"उद्या लागंल चव."

"शुक्रवारी जुम्म्याला साखऱ्याकडच्या गावांतली लोकं येतेत. त्येंच्यापुढं असलं ठेवलं तर गाडी उठली म्हणून समजा. तवर मीठ बसलं तर ठीक. न्हाई तर पातेलं परत माळ्यावर, अन् मी माझ्या परीनं करतो."

हैदरने पातेलं उचललं. अमिनाबीच्या साड्या मुलगी आफिफा घेऊन गेली होती. चष्मा, औषधं, वहाणा एकेक करून घरातून गेलं होतं. आता तिचं म्हणावं असं, रोज हाताला लागणारं, हे पातेलं तेवढं उरलं होतं. ते एकदा वर गेलं की परत खाली येणार नाही, हे त्याला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने सुरुवातीलाच मीठ हात राखून टाकलं. दुपारी पळी भिंतीवरून गेली.

"कालच्याहून कमी हाय," चांगुणाबाई म्हणाली.

"नीट बघा, बाई. काल तुमी कमी म्हणल्या अन् गाडीवर लोकांनी पाणी मागितलं."

"मंग लोकांनाच बोलवा बघायला. माझ्या जिभेला लागलं ते मी सांगितलं." तिने तोंड वळवून मिसरीची पिंक टाकली. "कमी हाय."

हैदर बरणीपाशी थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने विचार केला, की एवढी वर्षं अमिनाबीने हिचंच ऐकलं आणि कधी चुकलं नाही. त्याने मीठ टाकलं.

संध्याकाळी धर्मसिंगने थट्टाही केली नाही. नूडल्स तेवढ्या खाल्ल्या, शोरवा वाटीत तसाच ठेवला आणि पैसे देऊन जीपकडे गेला. हैदरला त्याचं कालचं बोलणं परवडलं असतं.

"अब्बा," राहिल वाट्या विसळता विसळता म्हणाला, "तुमची तकलीफ कळते मला. पर अम्मीचा हात अम्मीसंगं गेला."

"हात गेला. पातेलं हाय की इथं. उद्या अजून एकदा."

"उद्या शेवटचं."

"शेवटचं तर शेवटचं."

तिसऱ्या दिवशी त्याने घाई केली नाही. पाये धुतले, पहिलं पाणी ओतून दिलं, कालच्याएवढंच मीठ टाकलं, जाळ ओढून घेतला आणि चुलीपाशी पाटावर बसून राहिला. फेस आला की काढायचा, परत बसायचं. ऊन भिंतीवरून उतरून अंगणात आलं. वास बरोबर येत होता. कांदा बरोबर जळला होता. चुकत होतं ते मिठाशीच, आणि मिठाची वेळ असरच्या, म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या, नमाजाची.

त्या वेळी तो घरी कधीच नसायचा. हातपाय धुऊन, वजू करून निघायचा तेव्हा भिंतीपाशी दोघींचं बोलणं चाललेलं असायचं. चांगुणाबाई म्हणायची, "जरा कमी हाय." अमिनाबी म्हणायची, "टाकते हां, बाई." हैदर फाटक लावून गल्लीला लागायचा. गुडघ्यांमुळे तो हळू चालायचा. मागून त्या दोघींचं हसणं यायचं, चांगुणाबाईचा खोकला यायचा.

दाराचा आवाज मात्र यायचा नाही.

हैदरने मान वळवून दाराकडे पाहिलं. मिठाची बरणी अंगणात कधीच नसायची, ओल लागते म्हणून अमिनाबी ती आत दाराआड ठेवायची. आणि ते दार उघडताना असं करकरायचं, की गल्लीच्या टोकाला कळावं. काल-परवा त्यानेच दोनदा ते करकरवलं होतं. एवढ्या वर्षांत, पाठमोरा जाताना, तो आवाज त्याने एकदाही ऐकला नव्हता. टाकते हां म्हणायची आणि टाकत नव्हती.

त्याला हसू आलं. मिसरी लावलेल्या जिभेला मीठ कमीच लागणार. अमिनाबीला ते ठाऊक होतं. मग ती रोज हिला कशाला बोलवत होती?

त्याने हातातल्या पळीकडे पाहिलं आणि त्याला दुसरी गोष्ट आठवली. अमिनाबी पळी द्यायची नाही. तिची एक खोलगट स्टीलची वाटी होती, तिचं नाव कोरलेली. ती काठोकाठ भरून भिंतीवर ठेवायची, आत एखादा हाडाच्या नळीचा तुकडाही असायचा. ही वाटी सुरू झाली तेव्हा चांगुणाबाईचा नवरा नुकताच गेला होता, तिचा पोरगा धम्मदीप रांगत होता, आणि ती दुसऱ्यांच्या शेतात रोजाने जायची. कुणाचं फुकट घ्यायची नाही. एका ईदेला अमिनाबीने डबा भरून दिला, तर दुसऱ्या दिवशी भिंतीवर डबाभर ज्वारी आली होती. त्यानंतर डबा कधी गेला नाही. मीठ बघायची वाटी मात्र जात राहिली. रमजान संपला तरी अमिनाबी म्हणायची, "बाई, आज माझ्या तोंडाला चव न्हाई, जरा बघता का?" पुढे धम्मदीप शिकला, पुण्याला कंपनीत लागला, घरावर स्लॅब पडला. वाटी थांबली नाही.

हैदर उठला. फळीवर मागे सरकलेली ती वाटी काढली, धुतली, काठोकाठ भरली. नळीचा एक तुकडा सोडला. भिंतीवर ठेवताना थोडं सांडलं.

"चांगुणाबाई, मीठ बघा."

ती आली आणि वाटीकडे बघत राहिली. लगेच हात लावला नाही.

"एवढं काहून?"

"घोटभरात कळत न्हाई."

"तीबी असंच म्हणायची," चांगुणाबाई म्हणाली.

वाटी घेऊन ती आपल्या दारातल्या दगडावर बसली. सावकाश प्याली. नळी चोखली, आतला गर बोटाने काढून खाल्ला. हैदर भिंतीपाशी उभा होता. कुणीतरी गरम काही पोटभर पीत आहे हे उपाशी पोटी बघायला त्याला बरं वाटलं. अमिनाबीलाही असंच वाटत असेल, असं त्याच्या मनात आलं.

चांगुणाबाईने पदराने तोंड पुसलं.

"मीठ जरा कमी हाय."

"टाकतो हां, बाई," हैदर म्हणाला, आणि जागचा हलला नाही.

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग त्याच्या पाठीमागच्या दाराकडे. पदर तोंडाशी तसाच होता, पण डोळे हसत होते.

"टाका, टाका," ती म्हणाली. "वाटी ऱ्हाऊ द्या माझ्यापाशी, घासून ठेवते."

संध्याकाळी गाडीवर राहिलने रोजा सोडला आणि सगळ्यांच्या आधी स्वतःच पळीभर शोरवा घेतला. प्याला. मग नूडल्सच्या वाट्या मांडू लागला. पावडरीचा डबा पायाने गाडीखाली अजून आत सरकवला.

धर्मसिंग आज दोन हात लांबच उभा होता.

"या," हैदर म्हणाला. "तांब्या भरून ठेवलाय तुमच्यासाठी."

त्याने वाटी घेतली, जपून घोट घेतला. दुसरा घेतला. सोया सॉस आणि नूडल्सचं मीठ शोरव्याला जाऊन मिळालं होतं, जेवढं हवं तेवढंच. शेवटचा थेंब संपेस्तोवर त्याने वाटी खाली ठेवली नाही. मग ती पुन्हा पुढे केली.

"चाचा, आज मीठ कोणी बघितलं?"

"चांगुणाबाईनं."

"अन् काल-परवा?"

"चांगुणाबाईनंच."

"मंग असं कसं?"

"ती बघते," हैदर वाटीत पळी ओतत म्हणाला. "टाकायचं आमच्याकडं."

धर्मसिंगला ते काही कळलं नाही, आणि त्याला समजावून घ्यायचंही नव्हतं. त्याला लिंबू हवं होतं. राहिलने लिंबू पिळलं आणि बापाकडे न बघता म्हणाला, "अब्बा, उद्या जुम्मा. खाटकाला पाये जास्तीचे सांगू का?"

"मी सांगून आलो सकाळीच," हैदर म्हणाला.

शुक्रवारी पातेलं काठोकाठ होतं. असरची वेळ होत आली तेव्हा हैदर वाटी मागायला भिंतीपाशी गेला. हाक मारायला तोंड उघडलं आणि थांबला. वाटी आधीच भिंतीवर होती. राखेने लख्ख घासलेली, पालथी ठेवलेली, अमिनाबीचं नाव त्याच्या बाजूला. पलीकडे दारातल्या दगडावर चांगुणाबाई गहू निवडत बसली होती. तिने वर पाहिलं नाही.

हैदरने वाटी सरळ केली. उन्हाने ती कोमट झाली होती.